बाबांच्या दोन रेघा

दादा,

मी ड्यूटीवर निघालेय, तू झोपलायस म्हणून लिहून ठेवतेय. बाबांच्या गणिताच्या पुस्तकाची फाइल कॉम्प्युटरवर उघडीच आहे. टाइप करताना मी घोळ घातलाय. त्यांच्या वहीत ‘बरोबर’च्या दोन्ही रेघा नागमोडी दिसल्या, म्हणून मी जिथं तिथं ≈ टाकत गेले, म्हणजे ‘अंदाजे इतकं’. हे चिन्ह कीबोर्डवर नसतं; 2248 टाइप करून ऑल्ट आणि एक्स एकदम दाबावं लागतं. एवढा खटाटोप केला, पण दोन अधिक दोन अंदाजे चार कसे, हे काही डोक्यात शिरलं नाही.

काल प्रिंट दाखवली आणि वर काकांच्या देखत विचारलं, “बाबा, सगळंच अंदाजे कसं काय?” त्यांनी पान पाहिलं आणि हळूच उजवा हात खिशात घातला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. हात कापतोय त्यांचा. रेघ सरळ येतच नाहीये.

तर सगळे ≈ बदलून = कर. फक्त वर्तुळाच्या धड्यात पायच्या किमतीआधी ≈ राहू दे, तिथं ते खरंच हवंय. पुढचे धडे त्यांना तोंडी सांगायला लाव आणि तू टाइप कर. कारण विचारलं तर माझ्या वेंधळेपणावर ढकल. हाताबद्दल चकार शब्द काढू नकोस.

मी काल म्हणाले होते, लगेच सुधारते. तर अर्ध्या मार्कासाठी आपल्याला रडवणारे बाबा खिशातला हात न काढता म्हणाले, “राहू दे गं. अंदाजेच होतं ते.”