चौथी पायरी

प्रिय यादिरा,

हे अक्षर माझं नाही हे तुला सांगायला नको. कोर्टासमोर छत्रीखाली टाइपरायटर घेऊन बसणारे सेन्योर फाउस्तो लिहून घेतायत. पानामागे पैसे घेतात, त्यामुळे म्हातारीने कितीही पाल्हाळ लावलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडत नाही. त्यांना मी आधीच बजावलंय, माझं बोलणं सरकारी अर्जासारखं करू नका. नातीला वाटेल आजी गेली आणि तिचा वकील लिहितोय.

फोनवर हे मला जमत नाही. त्या खाणीच्या छावणीत तुला फोनसाठी टेकाडावर चढावं लागतं, कानात वारा घोंगावतो, आणि मी जरा मुद्द्यापाशी येते तोच तू विचारतेस, "आजी, जेवलीस का?" मी म्हणते जेवले, आणि मुद्दाही त्याच घासाबरोबर गिळते. असं गेले चार महिने चाललंय. दोनशे खाणकामगारांचं सूप ढवळणाऱ्या पोरीला आपल्या जेवणाची काळजी करायला लावणारी मी, आणि वर तिला सांगते की अंगावर लोकर घाल.

इकडे ठीक आहे. दुधाचा बर्फ लाकडी पिंपात फिरवून उजवा खांदा कुरकुरतो, पण बाजारात गिऱ्हाईक आहे. दालचिनी महागली म्हणून आत कमी घालते आणि वरून जास्त भुरभुरते. अजून कुणी तक्रार केलेली नाही. तुझी आई रविवारी तिकडून, चिलीतल्या आन्तोफागास्ताहून बोलली. ज्या घरी ती कामाला आहे तिथल्या कुत्र्याला दमा झालाय आणि त्याच्या औषधाच्या वेळा तिला तोंडपाठ आहेत. शेजारच्या ओर्तेन्सियाने नवा सोफा घेतला. जुना मला फुकट देत होती, मी नको म्हणाले. का नको म्हणाले ते सांगायलाच बसलेय, पण तिथवर पोचायला मला वेळ लागेल. उठून जाऊ नकोस.

विद्यापीठात तुझा नंबर लागला तेव्हाची संध्याकाळ आठव. तू टेबलावर शेंगदाणे मांडलेस आणि मला फी समजावलीस. खासगी विद्यापीठ आहे आजी, पण फी सगळ्यांना सारखी नाही, पाच पायऱ्या आहेत. घरची परिस्थिती बघून पायरी ठरवतात, खालच्या पायरीला थोडे दाणे, वरच्या पायरीला मूठभर. त्यातून वर्गातल्या पहिल्या दहा जणांना गुणवत्तेची शिष्यवृत्ती, म्हणजे आपल्या पायरीच्या फीतली अर्धी माफ. पण दर सहामाहीला पहिल्या दहात राहायचं, घसरलं की माफी गेली. "आपली पायरी पहिली लागेल, शिष्यवृत्ती मी मिळवते, मग तुझ्या बर्फावरसुद्धा शिकून होईल," असं म्हणालीस, आणि विचारलंस, "समजलं ना?" मी मान हलवली. पोरी, मी आयुष्यभर मान हलवत आलेय. दवाखान्यात, बँकेत, तुझ्या शाळेतल्या बाईंपुढे. मान हलवली की माणसं पुढच्या माणसाकडे वळतात. तेव्हा मला एवढंच उमजलं होतं की विद्यापीठातून कुणीतरी घर बघायला येणार आहे. तू दाणे गोळा केलेस, मी ते खाल्ले, विषय संपला.

घर बघायला येणार म्हटल्यावर मी काय करावं? मुलीला मागणी घालायला माणसं येतात तेव्हा करतात तेच केलं. तुला त्या दिवशी प्रयोगशाळेत जायचं होतं. तू कोपऱ्यावर वळलीस तशी मी ओर्तेन्सियाकडे. तिचा सोफा, तिचा भिंतीएवढा टीव्ही, फ्रिज, जाळीचे पडदे, काचेचे पेले, सगळं तिच्या जावयाने आणि त्याच्या भावाने आणून लावलं. ओर्तेन्सिया सामानाबरोबरच आली आणि सोफ्याच्या मधोमध बसली. म्हणे, "सातु, मी तुझी बहीण आहे असं सांग, पण माझ्या सोफ्यावर सूप सांडू देऊ नकोस." मी कोळंबीचं दाट सूप, आपलं चुपे, केलं होतं, रोकोतो मिरच्या भरल्या होत्या. पिंप परसात नेऊन त्यावर घोंगडी टाकली, कारण बर्फ विकणाऱ्या बाईची नात कोण घेणार?

आलेली मुलगी तुझ्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी. सेन्योरिता नेरी. हातात फाईल, पायात साधे बूट. तिने विचारलं, टीव्ही तुमचा? म्हटलं हो. फ्रिज? हो. वरचा मजला? तोही आमचाच. वरचा मजला कुठून आला विचारू नकोस, ओर्तेन्सियाच्या घराला आहे, तो मी बोलता बोलता आमच्यावर चढवला. मुलीची आई चिलीत काय करते? मोठ्या बंगल्याचा कारभार बघते. धंदा? आइस्क्रीमचा, हाताखाली चार माणसं. ओर्तेन्सिया प्रत्येक उत्तराला अशी मान डोलवत होती की चौथ्या माणसाचं नाव विचारलं असतं तर तिने तेही सांगितलं असतं. शेवटी मी कागदावर अंगठा दिला. तू घरी आलीस तेव्हा सोफा परत गेलेला होता आणि मी परसात दूध आटवत होते.

महिन्याने कळलं, आपली पायरी चौथी. तू कागद हातात धरून दारात उभी राहिलीस. आकडा मला वाचता येत नाही, तुझा चेहरा आला. तू विचारलंस, "आजी, ती बाई आली होती तेव्हा झालं काय?" आणि तुझी आजी, जिला रस्त्यावरच्या पाटीवरचं अक्षर ओळखता येत नाही, तिने एका दमात अख्खी गोष्ट रचली. म्हटलं, गर्विष्ठ पोरगी होती. दारातूनच नाक मुरडलं. पाण्याचा घोट घेतला नाही. मला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही, आपल्या मनानेच लिहीत सुटली आणि माझा अंगठा धरून कागदावर दाबला. तू रडलीस, चिडलीस, आणि तक्रार लिहिलीस: माझ्या निरक्षर आजीला काहीही न समजावता सही घेतली गेली. तू ती मला वाचून दाखवलीस. काय सुंदर लिहिली होतीस. मी त्याखालीही अंगठा दिला.

खरं सांगायचं तर नेरीने चुपेच्या दोन वाट्या खाल्ल्या होत्या. मिरची तिखट लागली तेव्हा हसून डोळे पुसले होते. आमच्या गावाकडच्या मुली तशाच पुसतात, मनगटाच्या मागच्या बाजूने.

त्यानंतरचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते तू भोगलंस. तक्रारीने आपली पायरी हलली नाही. शिष्यवृत्ती तू मिळवलीस, पण चौथ्या पायरीची अर्धी फी पहिल्या पायरीच्या पुऱ्या फीहून जास्त निघाली. तो हिशेब तू मला पुन्हा दाणे मांडून दाखवलास आणि या खेपेला मला पक्का समजला. मग तू संध्याकाळी औषधाच्या दुकानात उभी राहायला लागलीस. बसमध्ये पुस्तक मांडीवर घेऊन झोपायचीस. दुसऱ्या सहामाहीत तेरावी आलीस. तेरावी, यादिरा. एकशे चाळीस मुलांत तेरावी आलेल्या पोरीला घरात अपराध्यासारखं बसलेलं मी पाहिलंय, आणि मी तिला म्हटलं, जाऊ दे, नशीब. वर्षाची रजा टाकून, फीचे पैसे जमवायला तू खाणीवर गेलीस तेव्हा बसमध्ये तुझ्या हातात मक्याच्या भाजलेल्या दाण्यांची पुरचुंडी दिली, आणि तेव्हाही म्हटलं, नशीब. सेन्योर फाउस्तो इथे थांबून चष्मा पुसतायत. मी त्यांना म्हटलं, पुसा पुसा, अजून वाईट भाग यायचाय.

तो असा. सगळे प्रश्न संपल्यावर नेरीने लिहिणं थांबवलं. तिने सोफ्याखाली पाहिलं, जमिनीवर सोफ्याचे पाय ओढल्याच्या ताज्या खुणा होत्या. मग माझ्या हातांकडे पाहिलं. आणि ती बोलली ती आपल्या डोंगराकडच्या केचुआ भाषेत, हळू आवाजात, ओर्तेन्सियाला कळू नये म्हणून. "आजी, माझी आजीसुद्धा तिकडचीच. इथे दाखवायला काही लागत नाही. जितकं कमी असेल तितकी पोरीची फी कमी. जे खरंच तुमचं आहे तेवढंच पुन्हा सांगा, मी नवा कागद घेते." दोनदा म्हणाली. इतक्या मायेने माझ्याशी त्या भाषेत माझी आई गेल्यापासून कुणी बोललं नव्हतं. आणि मी ओर्तेन्सियाकडे पाहिलं, तिच्या पडद्यांकडे पाहिलं, आणि स्पॅनिशमध्ये मोठ्याने म्हणाले, "ही कुठली भाषा, बाई? आम्हाला नाही येत. आम्ही शहरातले." नेरीने हातातला कोरा कागद फायलीत परत ठेवला. मग तिने तोच जुना कागद माझ्यापुढे सरकवला.

गेल्या सोमवारी मी विद्यापीठात गेले. दुधाचं पातेलं ओर्तेन्सियाच्या ताब्यात दिलं, तिला कारणही सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं की ती पोरगी काहीतरी चांगलं सांगतेय." आता बोल. खिडकीत कोण बसलं होतं? नेरीच. तुझ्या तक्रारीनंतर तिला घरोघर जाण्याच्या कामावरून काढलं, आता ती पावत्यांवर शिक्के मारते. मी तिच्याशी केचुआत बोलायला लागले. मला वाटलं ती विरघळेल. ती म्हणाली, "आजी, इथे स्पॅनिशमध्येच सांगा, नोंद करावी लागते." तिचं बरोबर होतं. तिने मला आतल्या टकल्या साहेबांकडे पाठवलं. साहेब चांगले आहेत. पायरीची फेरतपासणी होऊ शकते, म्हणाले. पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला समितीपुढे नात आणि आजी दोघींनी यायचं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही निरक्षर आहात, तुम्हाला कुणी नीट समजावलं नाही, एवढं सांगितलंत की पायरी लगेच खाली येईल." मी विचारलं, आणि समजलं होतं असं सांगितलं तर? ते म्हणाले, "मग ती जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती. मुलीची जागाही जाऊ शकते. असं कशाला सांगाल?" बाहेर खिडकीत शिक्क्यांचा आवाज चालू होता. मला समजलं नाही असं मी म्हटलं तर न समजावल्याचा दोष पुन्हा नेरीवरच जाणार, हे त्या साहेबांना विचारायची मला गरज पडली नाही.

मी अर्जावर अंगठा न देता घरी आले, आणि पत्र लिहिलंय ते यासाठी. एकदा तुला न विचारता तुझ्या वतीने मी खोटं बोलले. आता तुला न विचारता खरं बोलायचाही मला हक्क नाही, कारण किंमत पुन्हा तूच मोजणार. हे ओझं पोरीवर टाकताय, असं सेन्योर फाउस्तो म्हणतात, आणि ते खरंय. मी आणखी चांगला मार्ग शोधला, मला सापडला नाही. तू ये. अठराला समितीतली माणसं तुझ्याकडे प्रेमाने बघून विचारतील, "तुमच्या आजींना समजलं नव्हतं, हो ना?" तू जे उत्तर देशील त्याखाली मी अंगठा देईन, आणि ते कुठलंही असलं तरी तुझ्यावर रागावणार नाही. फक्त ते उत्तर देताना तुला माहीत असावं, म्हणून सांगते. मला समजलं होतं.

तुझीच,
सातुर्निना आजी