डावा तळहात

सोलापूर, मंगळवार

चि. नंदीश,

तुझ्या अप्पांना आत्ताच ऑपरेशनसाठी आत नेले. तुला कळवणार नाही असा शब्द मी त्यांना दिला आहे, म्हणून फोनऐवजी हे लिहिते. पाठवणार नाही.

दुधनीच्या आडतीत पोत्यांची थप्पी अंगावर आली, तेव्हापासून त्यांच्या डाव्या हाताला स्पर्श कळत नाही. डॉक्टर दंडातल्या मज्जातंतूवर एक पट्टी बसवणार आहेत. तिच्यावर वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा थर आहे. तिच्यातून स्पर्श पुन्हा मेंदूपर्यंत पोचेल, अशी आशा आहे. अजून चाचणीच चालू आहे, आणि थर तू काम करतोस त्याच प्रयोगशाळेतला आहे.

दिवाळीत तूच म्हणालास, "आई, शरीरातल्या ओलाव्याने हा थर फुगतो आणि सुटतो." मी बी.एस्सी. केले तेव्हा प्लास्टिकमधून वीज जात नाही असेच शिकवत. तरी इतके मला कळते, की थर सुटला तर दंड पुन्हा उघडावा लागेल, आणि आज हलतात ती बोटेही कदाचित हलणार नाहीत. तो दोष गेला का, एवढेच तुला विचारायचे होते.

अप्पा म्हणाले, "नंदीशला इचारू नको. त्यो नको म्हणाला, तर मला ऐकावं लागंल की."

"मग ऐका."

"पूजेला लिंग डाव्या तळहातावर घेतो, अन् हाय का न्हाय ते बघून कळतं. लई झालं आता."

मग मी शब्द दिला. मी घाबरट नाही, हे तू जाणतोस. पण आता दर ओळीला त्या बंद दाराकडे बघते आहे.

तुझी आई,
सिद्धेश्वरी

महादेवप्पांकडून, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी: गळ्यातले इष्टलिंग, चांदीच्या डबीसह. मरेपर्यंत ते अंगावेगळे करायचे नसते, तरी त्यांनी स्वतः काढून दिले. माझ्याकडे आहे. परत द्यायचे आहे.