राखाडी पुडीचं पाकीट

मंगळवार, संध्याकाळी सात

हुश्श! आज कोलशेतच्या ऑफिसात टपाल लावताना एका पाकिटातून राखाडी पूड माझ्या बोटांवर सांडली. वर माझं नाव, पाठवणाऱ्याचं नाहीच. मी पाकीट न हलवता तिथेच ठेवलं, सगळ्यांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं, सिक्युरिटीला सांगितलं आणि तीनदा साबणाने हात धुतले. साहेब हसले. हसू देत! पोलिसांनी तपासून उघडलं, तर देवीचा अंगारा आणि एक चिठ्ठी. रिटायर होऊन गावी गेलेल्या आमच्या तावडेकाकांनी माझ्या ऑपरेशनसाठी पाठवलेला. मी उगाच घाबरले का? छे, पुन्हा असंच करीन.

काकांना फोन केला.

"अगं, कपाळाला लावलास ना?"

"लावला, काका."

खोटं बोलले. लावते आता, तीनदा धुतलेल्या हातांनी.