वाकळीतला वायरमन

शारजा,
शुक्रवार, १० डिसेंबर २००४

प्रिय प्रशिक,

हे पत्र तुझ्या हातात हाशिमभाई देईल. सुट्टीवर भोरला चाललाय, त्याच्या हाती पिशवी पाठवतोय. त्याला चहा पाज, पण पिशवीत काय आहे ते त्याला विचारू नको, मी सांगितलेलं नाही. एक हातातला व्हिडिओ गेम आहे आणि तीन कॅसेटी. त्यातली राखाडी कॅसेट काढ आणि तिचा कोपरा बघ. चावलेला आहे. तूच चावला होतास, आपण सातवीत असताना, गेममधल्या एकतिसाव्या खोलीत अडकलो होतो तेव्हा. व्हय, तीच कॅसेट. बस खाली. मी पण असाच मटकन बसलो होतो, मोरीच्या कट्ट्यावर, ओल्या कपड्यांनी, आणि आज महिना झाला तरी तिथनं उठलोय असं वाटत नाही.

झालं असं, की ईदच्या आधीच्या शुक्रवारी आमच्या खोलीत साफसफाई निघाली. आम्ही सहा जण राहतो, सहाही वेगळ्या मुलखाचे, आणि सगळ्यांचं एकमत फक्त एका गोष्टीवर, की झुल्फिकारच्या गोधडीला वास येतो. गोधडी म्हणजे अम्मीनं दिलेली वाकळ, जुन्यापान्या कपड्यांची, चार बोटं जाड. मी हितं कोल्ड स्टोरेजमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. आत उणे अठरा. बाहेर आलं की तासभर दात वाजतात, त्यामुळं तीन वर्षांत मी त्या वाकळीशिवाय झोपलेलो नाही. धुतली मात्र कधी नव्हती, नुसती उन्हात टाकायचो. त्या दिवशी मी आणि एक केरळचा गडी, दोघांनी दोन टोकं धरून पीळ दिला. एका कोपऱ्यात नेहमीच काहीतरी टणक लागायचं. मी म्हणायचो बटणं असतील, नाडीची गाठ असेल. ते टोक डोक्याखाली आलं की वाकळ फिरवून घ्यायचो आणि झोपायचो. पीळ बसला, जुना दोरा तटातटा तुटला आणि ते टणक टक्कन फरशीवर पडलं. केरळवाला हसायला लागला, तुझ्या आईनं धुवायचा साबण आतच शिवून दिलाय काय रे. मी उचललं, आणि त्याच्यावर तुझे दात.

मामूंनी कुवेतहून गेमबरोबर ते फुगलेलं निळं जॅकीट आणलं होतं, आठवतंय? भोरच्या थंडीत घालून मी घामाघूम व्हायचो पण काढायचो नाही. त्याचा आतला खिसा फाटलेला होता. कॅसेट त्या भोकातनं अस्तरात उतरली. हरवली त्या दिवशी मी त्या जॅकिटाचे खिसे दोनदा उलटे केले होते, अम्मीनं तिसऱ्यांदा. अस्तर कोण चाचपतंय? पुढं जॅकीट मला आखूड झालं आणि अम्मीनं ते वाकळीत भर म्हणून ठकुबाईला दिलं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसून वाकळी शिवायची ती ठकुबाई, अजून आहे, आता दिसतं कमी. मी फोन करून अम्मीला कॅसेट सापडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती जाऊन ठकुबाईला विचारून आली. ठकुबाई काय म्हणाली माहीतंय? म्हणाली, सकिनाभाबी, म्या चाचपलं व्हतं की. चौकोनी लागलं हाताला. म्हनलं तुमच्यातला ताईत आसंल, लेकराच्या जिवासाठी शिवल्याला. त्यो कसा उसवायचा? म्हून भवतीनं टाकं घातलं, सुईचं टोक सुदिक लागू दिलं न्हाई.

प्रशिक, तिला काय बोलणार? तिनं मान राखला. तिनं राखलेल्या त्या मानावर डोकं ठेवून मी झोपत होतो आणि तिकडं तुझ्या गावात, पासलीत, तू चोर होतास.

कॅसेट मी तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली, मग जुन्या बाजारात जाऊन तिला बसेल असा गेम शोधला. घरचा गेम मामूंनी तेव्हाच विकला होता, कॅसेटीशिवाय त्याचं काय करणार. दुकानदार म्हणाला, नऊ वर्षांची कॅसेट, वर पाण्यातनं आलेली, चालणार नाही. मी घातली, बटण दाबलं. चालली. तेच पिपाणीसारखं गाणं. तोच ठेंगू, खांद्यावर शिडी, डोक्यावर टोपी. आपण त्याला भोरच्या सोनबा वायरमनचं नाव दिलं होतं, कारण तो पण शिडी घेऊन असाच वाकडा चालायचा आणि दिवा लावून झाला की खाली बघून थुंकायचा. मी दुकानात उभ्या उभ्या रडलो. दुकानदाराला वाटलं मशीन बिघडलं म्हणून रडतोय, त्यानं दुसरं काढून दिलं. आपण सोडवलेल्या खोल्या मात्र पुसल्या गेल्यात, पहिल्यापासनं सुरू करावं लागतं.

आणि आता ऐक, मला धक्का एकच बसलेला नाही. त्या दुकानदाराच्या टोपलीच्या पार तळाशी वायरमनचे अजून दोन भाग निघाले! आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं की पुढचे भाग आहेत. तो म्हणाला, हे कुणी मागत नाही, पोरांना मारामारी पाहिजे नाहीतर गाड्या. चित्र पण असं छापलंय की वायरमनची दाढ दुखतेय. मी सुट्टीच्या दिवशी आणि जेवणाच्या सुट्टीत खेळून दोन्ही थोडे थोडे बघितले. तुला शपथेवर सांगतो, इतकी डोकेबाज गोष्ट मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही आणि जगाला हिचा पत्ता नाही. मी हितं दहा जणांच्या हातात दिला. दोन मिनिटं खेळतात आणि म्हणतात, यात मरत कुणीच नाही, मग मजा काय?

पहिल्या भागाचा नियम तुझ्या लक्षात असणारच. खोलीतले सगळे दिवे लावायचे आणि बाहेर पडायचं, पण शिडी खांद्यावर घेऊनच. शिडी वर राहिली आणि तू खाली, की संपलं. दुसऱ्या भागात वायरमन दोन आहेत आणि शिडी एकच. एक चढला की दुसऱ्यानं खाली धरून उभं राहायचं. एक बटण दाबलं की हा चालतो, दुसरं दाबलं की तो, आणि दोघं बाहेर पडल्याशिवाय दार उघडत नाही. सुरवातीच्या सहा खोल्या अगदीच पोरखेळ आहेत, कंटाळून ठेवून देऊ नको. सातवीत पहिल्यांदा वरच्याला कळतं की उतरायला शिडीच नाही, आणि मग तू कपाळावर हात मारशील. तिसऱ्या भागात तर त्यांनी कमालच केली. दिवा लावला की भिंतीवर सावली पडते आणि त्या सावलीवर उभं राहता येतं. दिवा विझवला की सावली जाते आणि तू धपकन खाली. मला हे कळायला एक आठवडा गेला. मी नुसता उड्या मारत बसलो होतो. तुला पाच मिनिटांत कळलं असतं.

कारण तू बटणाला हातच लावायचा नाहीस. रविवारी बोर्डिंगमधनं सुटून तू यायचास आणि आपण नदीच्या घाटावर बसायचो, त्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता म्हणून उन्हातच बसावं लागायचं. सेल संपत आले की आपण ते पायरीवर वाळत घालायचो. मी सारखी बटणं बडवायचो. तू गेम मांडीवर ठेवून नुसता बघत बसायचास, मी ओरडायचो की आरं दाब की, सेल फुकट चाललेत, आणि तू म्हणायचास, थांब झुल्फ्या, आधी त्यो बाहेर कसा पडनार ते बघू, चढायचं काय, कुनी पन चढतंय. एकतिसावी खोली तू अशीच उलटी सोडवलीस, दारापासनं मागं मागं. नंतर गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर स्वतःच्या खोल्या काढायला लागलास, चौकोनाचौकोनात, आणि मला सोडवायला द्यायचास. एक पण मला आली नाही. तुझं डोकं कुठं जायला पाहिजे होतं हे मला तेव्हा पण माहीत होतं.

अम्मी सांगते की तू आता वेल्ह्याला टेम्पो चालवतोस, भाताच्या दिवसात घरचं बघतोस. रश्मीवहिनीला अम्मीनं भोरच्या बाजारात पाहिलं, तुझ्याबरोबर. तू अम्मीला ओळखलंस, पण रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं गेलास. अम्मी म्हणाली, बरोबरच केलं त्यानं.

कॅसेट हरवली त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. मामू मला घेऊन बोर्डिंगवर आले. ते तुझ्याबद्दल आणि तुमच्या वस्तीबद्दल जे बोलले ते मी हितं लिहीत नाही, तू ऐकलंच होतंस. रेक्टर साहेबांनी तुझी पत्र्याची पेटी सगळ्या पोरांसमोर व्हरांड्यात उघडायला लावली आणि छडीच्या टोकानं एकेक कपडा उचलला. तुझ्या आईनं, फुलाबाई मावशीनं दिलेली नाचणीच्या लाडवांची पुरचुंडी सोडून बघितली. काही निघालं नाही. काही निघालं नाही, तरी दुसऱ्या दिवशी तुझे वडील, सोपानकाका, पहिल्या एसटीनं आले, हात जोडून उभे राहिले, साहेबांनी तुला काढलंच, आणि काकांनी पेटी डोक्यावर घेतली. स्टँडपर्यंत ते पुढं आणि तू मागं. मी पानाच्या टपरीआड उभा होतो. तू वळून बघशील म्हणून घाबरलो होतो. तू वळला नाहीस. त्यानंतर माझं पण शाळेत मन लागलं नाही. कुठंच लागलं नाही. गॅरेज केलं, ट्रकवर क्लीनर झालो, पार समुद्र ओलांडला. लोक म्हणतात, झुल्फिकारच्या पायाला भिंगरी आहे. म्हणू देत.

कॅसेट सापडल्याचं मामूंना कळवलं. ते म्हणाले, नऊ वर्षांची गोष्ट, आता उकरून कुणाचं भलं होणार आहे? प्लास्टिकचा तुकडा तो, समुद्रात टाक आणि ईद साजरी कर. मी ऐकून घेतलं. खरं सांगतो, एक दिवस मला ते पटलं पण.

पण मला एक लिहायचंय, आणि चार पानं झाली तरी मी ते टाळतोय. पेटीत काही निघालं नाही, तरी साहेबांनी तुला का काढलं, असं तू कधी विचारलंस का? तुला वाटत असेल मामूंनी जोर केला. नाही. पेटी झाल्यावर साहेब मला आत घेऊन गेले, तू बाहेर व्हरांड्यात कपडे गोळा करत होतास. त्यांनी दार लोटलं आणि विचारलं, यानं कॅसेट घेताना तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस का? मामू माझ्या मागं उभे होते. मी हो म्हणालो. एवढंच. दिवसभर जॅकिटाचे खिसे उलटे करणारा मी, मला ठाऊक होतं मी काही बघितलेलं नाही. सापडायच्या आधीपासनं, त्याच दिवसापासनं ठाऊक होतं. हे मी परवा अम्मीला फोनवर पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, आधी त्यांच्या घरी लिही, मग मला फोन कर, आणि तिनं फोन ठेवला. म्हणून हे पत्र. गेम तू खेळ किंवा नदीत टाक, पण हे पत्र सोपानकाका आणि फुलाबाई मावशी दोघं समोर असताना मोठ्यानं वाच, मधलं काही गाळू नको. रेक्टर साहेब निवृत्त होऊन भोरमध्येच राहतात, अम्मीनं घर विचारून ठेवलंय. मे महिन्यात मी सुट्टीवर येतोय. त्यांच्यापुढं उभा राहून मी खोटं बोललो होतो, हे मला सांगायचंय, आणि ते सांगताना तू बाहेर नको, आत खुर्चीवर बसलेला पाहिजेस. काकांना पण खुर्ची मी मागून घेईन.

तुझाच, असं लिहायचा हक्क उरला असेल तर,
झुल्फिकार