शून्य नाहीतर एक

४ फेब्रुवारी
करिष्माला मेहकरहून जानेफळपर्यंत मोटारसायकलवर आणलं. एसटी आली नाही, एवढंच कारण. शेषरावांची मुलगी, शाळेत माझ्या वर्गात होती, आता नर्सिंग शिकते. वाटेत दोनदा आरसा नीट केला – मागची वाहतूक दिसावी म्हणून. स्टँडवर सोजराबाई भाजी विकत होत्या. त्यांनी पाहिलं!

६ फेब्रुवारी
पानठेल्यावर दयाराम म्हणाला, "काऊन बे, शेषरावच्या पोरीले मागणी घातली म्हणते?" मी नाही म्हणालो, तर सगळे हसले. मोटारसायकलवरून थेट मागणी कशी निघाली? तिला बुलढाण्याचं स्थळ येणार आहे. ते मोडलं तर शेषराव माझे पाय मोडतील.

७ फेब्रुवारी
माझ्या टायपिंगच्या दुकानात कॉलेजच्या रमाकांत सरांचा गणिताचा प्रबंध टाइप करतोय. अरेषीय पॅराबोलिक समीकरणांची उत्तरं दीर्घ काळानंतर कुठे जातात, हा विषय. बी.एस्सी. अर्धवट सोडल्यामुळे चिन्हं ओळखतो, अर्थ नाही. धीर करून विचारलं – अफवेचं काही यात येतं का? सर खुलले. म्हणाले, शाईचा थेंब पाण्यात पसरतो नि फिका होतो; अफवा मात्र पोचेल तिथे नवी तयार होते. लहान असली तर विझते, मर्यादा ओलांडली तर गावभर होते. शून्य नाहीतर एक – कुणालाच माहीत नाही, नाहीतर साऱ्या गावाला – मधलं टिकत नाही. यातल्या कुठेही पोचलं की हालचाल थांबते. सुरुवात कशी झाली, ते समीकरणाचं उत्तर तोवर विसरलेलं असतं.
शून्यासाठी मारुतीला नारळ बोललो.

११ फेब्रुवारी
आई काही विचारत नाही. पण भाकर वाढताना हसली.

१७ फेब्रुवारी
आज कुणी विषय काढला नाही. दयाराम कापसाच्या भावावर बोलला. सोजराबाईंनी मुकाट्यानं मेथी दिली. शेषरावांनी तर रामराम घातला! हालचाल थांबली – म्हणजे शून्य! नारळ फोडला. सरांना पेढा दिला. कशाचा ते त्यांना कळलं नाही, पण खाल्ला.
थोडं रिकामं वाटतंय. अफवेची सवय झाली असावी.

१९ फेब्रुवारी
करिष्मा दुकानात आली. मी आनंदाची बातमी दिली – गाव विसरलं, आता कुणी बोलत नाही.
"बोलतीन काऊन? साऱ्यायले माहीत हाय," ती म्हणाली. "बाबानं बुलढाण्याच्या स्थळाले नकार कळवला. रविवारी तुह्या घरी आपली सुपारी फुटून राह्यली. तुले कोणी सांगतलं नाही?"
म्हणजे एक! आणि गावात शून्य राहिलेला मी एकटाच.
विचारलं – मागणीचं सोजराबाईंना पहिल्यांदा कोणी सांगितलं?
"मी."