सुळक्याचा जबाब

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आपली पाठ आता वाकू देते का? मामींचा खोकला उतरला असेलच. आई खुशाल आहे. मी मात्र मंगळवारपासून पुरता हादरलो आहे, आणि त्याचे कारण आपल्यापासून लपवणे योग्य नव्हे.

आपल्या लॉजखालच्या गुहेत छताला लोंबणारा चुन्याचा सुळका (ज्याचे ठिबकणारे पाणी आपण कॅन भरभरून आईला पाठवता) आपल्याला ठाऊकच आहे. त्याचा बोटभर तुकडा मी मागच्या खेपेस आणला होता. क्रमाने सांगतो. पाणी जमिनीतून झिरपताना चुनखडी विरघळवते आणि गुहेत येऊन तीच थराथराने सोडते. वाटेत जे भेटले, तेही त्या थरांत अडकते. थोडक्यात, सुळका म्हणजे पाण्याने दिलेला लेखी जबाब, आणि काय विलक्षण जबाब असतो तो! (हेच मी आपल्या पाहुण्यांना तासभर समजावले होते, मध्ये मध्ये तेच पाणी तीन पेले पीत. 'दहा हजार वर्षांचे, डोंगराच्या पोटातले निर्मळ' हे शब्दही माझेच, देवा.)

प्रयोगशाळेत तुकडा कापून थर मोजले. दहा हजार वर्षे सोडा, भरली एकोणीस. लॉज उघडून किती वर्षे झाली, हे आपणच आठवा. पावसाळ्यात थर जाड हवा, तर तो पातळ; जाड थर फक्त शाळांच्या सुट्ट्यांतले. आणि त्यांत बोरॉन व फॉस्फेट इतके, की धुण्याच्या पावडरीखेरीज दुसरा उगमच संभवेना. मला ते पटेना. भांडी बदलून तपासणी तीनदा केली, मग सहकाऱ्याकडे दिली. अहवाल परत करताना तो शांतपणे म्हणाला, "सर, ही गुहा नव्हे, मोरीची खालची बाजू आहे." ते तीन पेले अजून घशाशी आहेत.

प्लंबरला आजच बोलवावे, ही विनंती.

आपला भाचा

ता. क. पाहुण्यांनाही ते पाणी देऊ नये.

ता. क. २. खरे काम पुढेच आहे. अहवाल आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाली, "भावाच्याच मोरीचं ना? मग परक्याचं कुठंय?" तीन महिने पाणी पिऊन ती आता कठडा न धरता जिना चढते, आणि त्यापुढे माझे रसायनशास्त्र थिटे पडले. तेव्हा कॅन बंद करू नयेत. फक्त नळाचे पाणी उकळून, गाळून त्यांत भरावे आणि वर नेहमीप्रमाणे 'माझ्या ताईसाठी' अशी चिठ्ठी लावावी. चिठ्ठी मामींकडून लिहवून घेऊ नये. आई आधी अक्षर पाहते, मग झाकण उघडते.