ट्रॅक्टर आला नव्हता

६ जानेवारी, सोमवार
मैना आज पुन्हा खोटं बोलली!
सात वर्षांची पोर, दिसत नाही, ऐकू येत नाही – आणि थापा मारते! तिला घरी येऊन शिकवते मी; 'बोलता' यावं म्हणून तिच्या पेटीत वस्तू ठेवल्यात. चमचा म्हणजे जेवण, टॉवेलचा तुकडा म्हणजे अंघोळ, टायरचा तुकडा म्हणजे ट्रॅक्टर. हवी ती वस्तू उचलून ती आपल्या हातात देते. आज टायर दिला. ट्रॅक्टर कुठाय? तिचा बाप, भिमाजी, शेवंतीची फुलं ट्रॅक्टरमध्ये घालून सकाळीच मार्केटला गेलेला.
आजी सिंधुबाई हसल्या, "लय नाटकी हाय ती, मॅडम!"

९ जानेवारी
मागच्या खोलीत स्पर्शाचा तक्ता लावला – वाळू, सुतळी, मखमल, बटणं. किती खपले मी त्याच्यासाठी! खिळा ठोकताना गिलावा भसकन पडला. भिमाजी म्हणाला, "जुनी भिंत हाय, चालायचंच." त्याचं डोकं दुसरीकडेच. मोटर चालू असते, तरी शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही म्हणे.
मैनाने तक्त्याला हातही लावला नाही. भिंतीला गाल टेकून बसली. मग टायर.

१४ जानेवारी
उज्वलाने लेकीच्या तोंडात तिळगूळ घातला. खुदकन हसली. तोंड गोड, आणि माझ्या हातात – ट्रॅक्टर! कपाळ माझं.

१७ जानेवारी
आज डोकंच फिरलं. तिला ओढत अंगणात नेलं, ट्रॅक्टरची रिकामी जागा चाचपायला लावली. तिच्या तळहातावर आडवा हात फिरवला – नाही! नाही! आत आलो तर परत तेच.
टायर काढून घेतला. पेटी उलटीपालटी करून शोधत राहिली, मग माझ्या मनगटाला कडकडून चावली. फार रडली.
"देऊन टाका ना मॅडम, काय बिघडतंय?" सिंधुबाई म्हणाल्या.
बिघडतं! एका वस्तूचा एकच अर्थ. नाहीतर उद्या ती कशालाही काहीही म्हणेल, आणि मग जगात तिचं कोण ऐकेल?

२१ जानेवारी
आता नवीनच. माझा हात धरून भिंतीला लावते. दाबून धरते. भिंत गार, ओलसर. बोटांना बारीक काहीतरी जाणवलं, मांजर गुरगुरल्यासारखं. मोटर चालू होती, तिचंच असणार.
मला कसंतरीच झालं. का, कोण जाणे. तिचा हात सोडवला आणि परत सांगितलं – नाही.

२४ जानेवारी
सुटली सवय! आठवडाभरात! आज टायर पेटीत परत ठेवला, तरी एकदाही ट्रॅक्टर नाही, भिंत नाही. व्हिडिओ करून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. टाळ्याच टाळ्या.
फक्त मागच्या खोलीत यायला तयार नाही. उचलून आणलं तर पाय पोटाशी घेते, जमिनीला टेकवतच नाही. चमचा दिला तरी घेतला नाही. हात मांडीखाली दाबून बसली. फार गप्प वाटते मला. तिच्या बाबतीत गप्प म्हणजे काय, ते मलाच नीट सांगता येत नाही.
खोली रिकामी म्हणून दुपारी सिंधुबाई तिथे पडतात. "गार वाटतं," म्हणाल्या.

२७ जानेवारी
मागची भिंत पडली. मोटरचा पाइप तिच्या खालूनच जातो. तो फुटला होता. पाणी कधीपासून आतल्या आत माती वाहून नेत होतं. सिंधुबाई झोपल्या होत्या. गेल्या.
मैना आधीच एकटी अंगणात जाऊन बसलेली. तिला कुठला ट्रॅक्टर माहीत! टायर म्हणजे 'जमीन थरथरतेय', एवढंच तिचं म्हणणं होतं.
उज्वला विचारत होती, "तिला कळलं होतं, मॅडम. मग आजीला सांगितलं का नाय तिनं?"
सांगत होती गं. मी बंद केलं.